पाणी जड झालं : पेडण्यातल्या एका नववीच्या वर्गाचं प्रकरण

पार्श्वभूमी

शाळा पेडणे तालुक्यातली, अनुदानित हायस्कूल. शापोरा नदीची खाडी पायी वीस मिनिटांवर. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम गाळलं आहे. मी ह्या शाळेत गणित शिकवतो. विज्ञान माझा विषय नव्हे. पण ह्या खटाटोपात वजनकाटा मागून आणायचं, पाण्याच्या बाटल्या उचलायचं आणि हिशेब लिहायचं काम माझ्याकडे आलं, म्हणून हे टिपण मी लिहितोय. विज्ञानाच्या टीचरांनी ते वाचून 'असं नव्हतं झालं' म्हणत दोन ठिकाणी दुरुस्त्या केल्या, त्या मी घेतल्या आहेत.

गोव्याबाहेरच्या वाचकांना एक गोष्ट आधी सांगायला हवी. आमच्याकडच्या बहुतेक सरकारी प्राथमिक शाळा मराठी किंवा कोकणी माध्यमाच्या. चौथीपर्यंत मूल 'पाण्याची वाफ होते' असं शिकतं. पाचवीला हायस्कूलात आलं की सगळं इंग्रजीतून. मधे फक्त मे महिन्याची सुट्टी. घरी भाषा तीच, मैदानावर तीच, टीचर वर्गात रागावतात तीही त्याच भाषेत. पण वहीत जे उतरायचं ते दुसऱ्या भाषेत. ह्याला उपाय काय ह्यावर गोव्यात भांडणं पुष्कळ झाली आहेत. त्यात मी पडत नाही. एवढंच सांगतो की आमच्या नववीत 'इव्हॅपोरेशन'चं स्पेलिंग अचूक लिहिणारी मुलं भरपूर होती.

वर्ष 2022-23. वर्गात 42 मुलं. त्यांची सातवी-आठवी जवळजवळ सगळी मोबाईलवर गेलेली; नेटवर्क मिळावं म्हणून डोंगरीवर जाऊन बसणारी मुलंही त्यांत होती. प्रयोग म्हणजे व्हिडिओ, हेच त्यांना दोन वर्षं माहीत.

प्रयोगशाळा आहे. म्हणजे खोली आहे आणि दारावर पाटी आहे. बारा बीकर, त्यातले दोन चिरलेले. स्पिरिटचे चार दिवे. दोन पारड्यांचा जुना तराजू, त्याच्या पेटीतलं 2 ग्रॅमचं वजन कधीचं हरवलेलं. कपाटाच्या वरच्या कप्प्यात सरकारच्या कोडिंग-रोबोटिक्स योजनेतलं साहित्य नव्याकोऱ्या खोक्यांत. त्या योजनेवर माझा राग नाही, मुलांना ती आवडते. फक्त गंमत अशी की आमच्याकडे यंत्राला चाकं लावून फिरवणाऱ्या पोराने भांडंभर पाणी आटवून तळाला काय उरतं ते कधी बघितलेलं नव्हतं.

अडचण

नोव्हेंबरमध्ये द्रावणांचा धडा संपला आणि चाचणी झाली. 'संपृक्त द्रावण म्हणजे काय' ह्या प्रश्नाला बहुतेकांना पूर्ण गुण. टीचर पेपर तपासत होत्या, मी शेजारी होतो. एकाएकी त्या म्हणाल्या, "हे बघा सर, सगळ्यांनी 'टेम्परेचर'च्या आधी 'द' गाळलाय. माझ्या नोट्समध्ये तो गळला होता."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात साध्या मराठीत विचारलं, खाडीचं पाणी चुलीवर ठेवून सगळं आटवलं तर भांड्यात काय राहील? थोडा वेळ कोणीच बोलेना. मग एक हुशार मुलगा म्हणाला, "रेसिड्यू." रेसिड्यू म्हणजे? "जो उरतो तो." म्हणजे काय उरतं? "रेसिड्यू." दोघातिघांनी 'काहीच नाही' असं सांगितलं. एकीने 'माती' म्हटलं. मीठ हा शब्द चौथ्या-पाचव्या उत्तराला आला, तोही चढत्या स्वरात, प्रश्नासारखा.

ह्या मुलांपैकी निदान दहाजण ज्या रस्त्याने शाळेत येतात, त्याच्या कडेला उन्हाळाभर मिठाच्या राशी असतात.

दुसरी अडचण जर्नलची. प्रात्यक्षिकाची वही प्रयोगाच्या आधीच लिहून झालेली असते; आकडे मागच्या वर्षीच्या बॅचकडून आलेले. टीचरांनी सांगितलं की दहा वर्षांत त्यांना सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न एकच आहे: "टीचर, आन्सर कितें येवपाक जाय?" उत्तर काय यायला हवं ते कळलं की प्रयोग संपला.

पर्याय

स्टाफरूममध्ये तीन-चार दिवस ह्यावर बोलणं चाललं. पहिला पर्याय हेडसरांचा: चाललंय ते चालू द्या. गुण येतायत, पोर्शन वेळेवर आहे, पुढच्या वर्षी हीच मुलं बोर्डाला बसणार. एक बरा व्हिडिओ स्मार्टबोर्डवर दाखवा. ह्या मताची थट्टा करणं सोपं आहे, पण मार्चमध्ये पालक हेडसरांना जाब विचारतात, आम्हाला नाही.

दुसरा, मिरामारच्या गोवा विज्ञान केंद्रात सहल. केंद्र 2001 पासून आहे आणि मी स्वतः मुलांना तिथे नेलेलं आहे, पुन्हाही नेईन. पण पेडण्याहून बस, डबा, एक अख्खा दिवस, आणि तिथे 42 मुलं गेली की प्रत्येकाच्या वाट्याला एकेक बटण येतं. आमची अडचण बटणाने सुटणारी नव्हती.

तिसरा, प्रयोगशाळेत टीचरांनी स्वतः करून दाखवायचं, मुलांनी भोवती उभं राहून बघायचं. सुरक्षित, एका पीरियडमध्ये होणारं. टीचरांनाच ते नको होतं. "मागच्या रांगेला माझी पाठ दिसते," असं त्या म्हणाल्या.

चौथा पर्याय मिठागराचा. तो कोणी मांडला ह्यावर आमच्यात मतभेद आहेत. मी म्हणतो टीचरांनी, त्या म्हणतात मी. आधार म्हणून टीचरांनी होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाचं उदाहरण काढलं. मध्य प्रदेशात 1972 साली 16 मिडल स्कूलांपासून (सहावी ते आठवी) सुरू झालेला तो कार्यक्रम 2002 पर्यंत चालला. मुलांनी टोळीटोळीने प्रयोग करायचा, पुस्तकात उत्तर द्यायचं नाही, आणि परीक्षेलाही पुस्तक उघडं ठेवायला परवानगी. हेडसरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "आमच्या बोर्डात पुस्तक उघडून पेपर लिहायला देत नाहीत," म्हणाले. ह्याला आमच्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

शेवटी तडजोड झाली. विज्ञानाचे सहा पीरियड, गणिताचे माझे तीन, आणि एक सकाळ मिठागरावर. त्याबदल्यात फेब्रुवारीतल्या विज्ञान दिनाचा स्टॉल ह्या वर्गाने सांभाळायचा आणि पोर्शन मागे पडला तर टीचरांनी शनिवारी जादा तास घ्यायचे. हे टीचरांनी कबूल केलं. आता वाटतं, कबूल करायला नको होतं.

काय केलं : मिठागर

मीठ निघतं ते साधारण फेब्रुवारीपासून पावसाच्या तोंडापर्यंत. डिसेंबरपासून आगर साफ करून, चिखल चोपून तळ घट्ट करायचं काम चालतं. भरतीला मानसातून, म्हणजे बांधातल्या दारातून, खाडीचं पाणी आत घेतात, मोठ्या खाचरात साठवतात, आणि ते आटत जाईल तसं एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं पुढे सोडतात. शेवटच्या उथळ खाचरांत मीठ धरतं. नऊ-दहा बादल्या आटून एक बादली राहील, साधारण तेव्हा मिठाचा पहिला खडा दिसतो. हा आकडा मी नंतर वर्गात गणितासाठी वापरला. त्या सकाळी मात्र आम्ही मुलांना काहीच सांगितलं नव्हतं.

आगर चालवणारे काका तयार झाले ते एका अटीवर: बांधावरून चाला, आत पाय घालू नका.

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, सकाळी आठ. 42 मुलं आणि आम्ही दोघं. बांध जेमतेम दीड वीत रुंद, वरून सुकलेले, आतून ओले. पहिली दहा मिनिटं छान गेली. काका पुढे, मुलं रांगेत. शेवटून दुसऱ्या खाचरापाशी काका वाकले, ओंजळभर पाणी उचललं, बोटांतून गळू दिलं आणि म्हणाले, "पाणी जड जालें काय फुडें सोडपाचें." म्हणजे, जड झालं की पुढे सोडायचं. जड झालं हे कसं कळतं, असं कोणीतरी विचारलं. "हाताक कळटा."

मी टीचरांकडे बघितलं. घनता हा शब्द त्या आता उच्चारतील अशी माझी खात्री होती. इतकी आयती संधी. त्या बोलल्या नाहीत. मुलांना म्हणाल्या, ज्याला हात घालून बघायचाय त्याने बघा.

आणि इथेच घोळ झाला. मागची मुलं पुढे सरकली. बांधावर दोन माणसं शेजारी उभी राहू शकत नाहीत, तिथे पाचजण आले. एकाचा पाय घसरला, गुडघ्यापर्यंत आगरात. त्याला ओढायला गेलेल्या दुसऱ्याने बांधाचा हातभर तुकडा मोडला. कडेचं गढूळ पाणी शेवटच्या खाचरात शिरलं आणि पांढरा तळ बघता बघता चहाच्या रंगाचा झाला.

काका ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फावडं आणून आधी बांध बांधला, मग म्हणाले, ह्या खणातलं मीठ आता विकता येणार नाही. घसरलेल्या मुलाच्या पोटरीला ओरखडा होता. त्यावर ते पाणी लागल्यावर त्याचा चेहरा जो झाला तो मी विसरणार नाही. बाटलीतलं पिण्याचं पाणी ओतून पाय धुतला. आम्ही बरोबर आणलेल्या पेटीत पट्ट्या होत्या, पाणी पुरेसं नव्हतं.

नुकसान म्हणून काकांनी पाचशे रुपये सांगितले. रास्त होते. हेडसरांनी दिलेही, फक्त विचारलं, "हे कुठल्या हेडखाली टाकू?"

काय केलं : वर्गात

तरीही बाटल्या भरून आणल्या होत्या. चार प्रकार: शाळेच्या नळाचं, खाडीचं, मधल्या खाचरातलं आणि शेवटच्या खाचरातलं. वाण्याकडून इलेक्ट्रॉनिक काटा दोन दिवसांसाठी मागून आणला. सात टोळ्या, प्रत्येकीला चारही बाटल्या, अर्धा अर्धा लिटर मोजून.

पहिल्या दिवशी कुणाचेच आकडे जुळेनात. एका टोळीच्या नळाच्या पाण्याचं वजन 522 ग्रॅम. मुलांनी माझ्याकडे बघितलं, 'आन्सर' काय यायला हवं ते कळावं म्हणून. मी गप्प बसलो; हे मला अजिबात जमत नाही. पंधरा मिनिटांनी त्यांच्यातल्याच एकीने रिकामी बाटली काट्यावर ठेवली. नंतर सगळं रांगेत आलं: नळाचं 500 च्या आसपास, खाडीचं त्याहून दहाएक ग्रॅम जास्त, शेवटच्या खाचरातलं 600 ला टेकलेलं. अर्ध्या लिटरमागे शंभर ग्रॅम. ह्या फरकावर मुलांचा विश्वास बसेना. दोन बाटल्या दोन हातांत धरून डोळे मिटून ओळखायचा खेळ त्यांनी स्वतःच सुरू केला आणि चुकणारं कोणी निघालं नाही. तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी काकांच्या आवाजात म्हणालं, "हाताक कळटा!"

टीचरांनी 'डेन्सिटी' हा शब्द त्यानंतर फळ्यावर लिहिला. तीन दिवस उशिरा.

बटाट्याचा प्रयोग मला सर्वांत आवडला, कारण त्यात वर्ग चुकला. खाडीच्या पाण्यात बटाटा तरंगेल असं जवळजवळ सगळ्यांचं मत. 'खाऱ्या पाण्यात तरंगतं' हे पाठ होतं. बटाटा सरळ बुडाला. साध्या पाण्याची घनता 1 धरली तर बटाट्याची साधारण 1.08, खाडीच्या पाण्याची 1.02 च्या आसपास, बुडणारच. मधल्या खाचरातल्या पाण्यात काही बटाटे बुडाले, काही तरंगले, आणि त्यावरून वर्गात खरं भांडण झालं. एका टोळीने दुसरीवर पोकळ बटाटा आणल्याचा आरोप केला. बटाटा कापून बघण्यात आला.

मग घनता मोजायचं साधन बनवायचं होतं. टीचरांच्या डोक्यात प्लास्टिकच्या स्ट्रॉ होत्या, पण 1 जुलै 2022 पासून त्यांच्यावर बंदी. बाजारातल्या कागदी स्ट्रॉ दहा मिनिटांत मऊ होऊन बसल्या. शेवटी बॉलपेनच्या रिकाम्या नळ्या घेतल्या. तळाला दोन बारीक खिळे, वर मेणबत्तीचं मेण. पहिल्या सात नळ्यांपैकी पाच हळूहळू बुडाल्या. मेण कच्चं आहे म्हणून मुलांनी आणखी मेण ओतलं, तरी बुडाल्या. पेनच्या अंगाला हवेसाठी एक टाचणीएवढं भोक असतं ते बेचाळीस मुलांना आणि दोन शिक्षकांना दिसलं नव्हतं. ते सापडलं तेव्हा पीरियडची घंटा झाली होती आणि कोणी उठत नव्हतं.

नळी नळाच्या पाण्यात दहा सेंटीमीटर बुडत होती; शेवटच्या खाचरातल्या पाण्यात ती पावणेदोन सेंटीमीटर वर आली. खाडीच्या पाण्यात मात्र जेमतेम दोन मिलीमीटर. अर्ध्या वर्गाने 'नो चेंज' लिहिलं. काट्यावर दिसलेला फरक पेनला का दिसत नाही, हा प्रश्न मला माझ्या वर्गात वर्षभर हवा असलेला प्रश्न होता. मोजमापात चूक किती, हे नववीला शिकवायला दुसरी जागा मला अजून सापडलेली नाही.

आटवण्यासाठी स्पिरिटच्या दिव्यावर तास गेले असते, म्हणून कँटीनवाल्या बाईंचा गॅस आणि स्वयंपाकाचं स्टीलचं पातेलं घेतलं. टीचरांनी आदल्या संध्याकाळी एकट्याने करून बघितलं होतं, हे फार शहाणपणाचं ठरलं. पाणी संपत आलं की ओलं मीठ तडतडतं आणि गरम खडे अंगावर उडतात. त्यांच्या ओढणीला डाग पडले. त्यामुळे वर्गात, लापशीसारखं झालं की गॅस बंद आणि उरलेलं ताटात पसरून उन्हात. खाडीच्या एक लिटरमधून 29 ग्रॅम निघालं. शेवटच्या खाचरातल्या शंभर मिलीलिटरमधून 31. हे दोन आकडे फळ्यावर शेजारी आल्यावर 'किती पट आटलं' हा हिशेब मला सांगावा लागला नाही.

पातेलं स्वयंपाकाचं होतं म्हणून चव घ्यायची परवानगी दिली, प्रयोगशाळेत कधीच दिली नसती. आणि मीठ कडवट लागलं. काकांच्या राशीतलं मीठ कडू नव्हतं. का? टीचरांना त्या दिवशी सांगता आलं नाही. "उद्या बघून सांगते," म्हणाल्या. समुद्राच्या पाण्यातल्या क्षारांपैकी साधं मीठ वजनाने पाऊण भागाच्या थोडंसं वर. मॅग्नेशियमचं क्लोराइड दहाव्या हिश्शाच्या आसपास, आणि ते कडू. आगरात सगळं पाणी कधीच आटवत नाहीत. मीठ धरलं की ते ओढून घेतात आणि उरलेलं कडू पाणी सोडून देतात. आम्ही सगळंच आटवलं होतं. म्हणजे 'रेसिड्यू' आणि 'मीठ' ह्या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. नोव्हेंबरमधल्या त्या मुलाचं उत्तर अगदीच चूक नव्हतं, हे टीचरांनी त्याला मुद्दाम सांगितलं.

एक चूक, वेगळी सांगण्यासारखी

बाटल्या तोलताना एक मुलगी शेजारणीला म्हणाली की तिची आजी आगरात काम करायची, तिला वासावरूनही कळायचं. टीचरांनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोठ्या कौतुकाने तिला पुढे बोलावलं: आज ही आपल्याला शिकवणार. मुलगी उभी राहिली, एक शब्द बोलली नाही. मागून कोणीतरी 'मिठावाली' म्हटलं आणि हसू पिकलं. पुढचे दोन दिवस ती शाळेत आली नाही.

टीचरांचा हेतू चांगला होता, आणि त्या वेळी मलाही त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. पण त्या मुलीने ती गोष्ट शेजारणीला सांगितली होती, वर्गाला नव्हे. टीचरांनी तिच्या घरी जायचं ठरवलं, मग विचार बदलला; घरी गेल्याने पुन्हा तमाशाच झाला असता. ती परत आल्यावर तिच्याशी कोणी त्यावर बोललं नाही, तिला तिच्या टोळीत पेनच्या नळीचं काम दिलं. तिची नळी सर्वांत सरळ उभी राहायची. वर्गासमोर ती वर्षभर बोलली नाही.

वहीची भाषा

आम्ही पुढचा जो निर्णय घेतला त्यावर शाळेत अजून वाद आहे. जर्नलमध्ये निरीक्षण कुठल्याही भाषेत लिहायची मोकळीक टीचरांनी दिली. निष्कर्ष तेवढा इंग्रजीत, पण स्वतःच्या वाक्यात, फळ्यावरून नाही. एका मुलाने लिहिलं: 'वॉटर वेन्ट, सॉल्ट नॉट वेन्ट, सो वॉटर हेवी.'

हेडसरांनी ती वही टीचरांसमोर ठेवली. तपासणीला कोणी आलं आणि हे बघितलं तर? टीचरांनी ते वाक्य खोडलं नाही; खाली पेन्सिलीने व्याकरणशुद्ध वाक्य लिहिलं आणि मुलाला दोन्ही वाचायला लावलं. मी त्यांच्या बाजूचा आहे. त्या मुलाची नोव्हेंबरची चाचणी मी काढून बघितली होती. तिथलं वाक्य निर्दोष होतं, त्यात 'द' तेवढा नव्हता.

निष्पत्ती

28 फेब्रुवारीला विज्ञान दिन झाला. पाहुण्यांनी माशेलच्या डॉ. रघुनाथ माशेलकरांची गोष्ट सांगितली: शाळेत भावे सरांनी उन्हात भिंग धरून कागद कसा जाळून दाखवला. गोव्यात ही गोष्ट दर विज्ञान दिनाला सांगतात आणि ती चांगलीच आहे, पण सांगणाऱ्यांपैकी कोणी खिशातून भिंग काढलेलं मी पाहिलेलं नाही. आमच्या स्टॉलवर चार बरण्या, चार बटाटे आणि एक फलक होता: 'आधी सांगा, मग टाका.' थर्माकोलच्या ज्वालामुखीपुढे गर्दी जास्त होती.

वार्षिक परीक्षेत व्याख्येच्या प्रश्नाचे गुण दरवर्षीसारखेच आले. बटाट्यासारखाच एक प्रश्न टीचरांनी घातला होता, वस्तू आणि पाणी दोन्ही बदलून. त्यात निम्म्याहून जास्त मुलांनी कारण लिहिलं, वाकड्यातिकड्या इंग्रजीत का होईना. तुलनेला दुसरी तुकडी नव्हती, त्यामुळे हे मिठागरामुळेच झालं असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. जर्नल आधीच भरून ठेवणं ह्या धड्यापुरतं बंद झालं. पुढच्या धड्याला पुन्हा सुरू झालं.

किंमतही मोजली. ठरलेल्या नऊऐवजी बारा पीरियड गेले. ध्वनीचा धडा शेवटी घाईत उरकला गेला, आणि टीचरांनी तीन शनिवार घरच्या वेळातून दिले. त्यांना त्याचा मोबदला मिळाला नाही, आभारही मिळाले नाहीत. एका पालकाने सभेत विचारलं की मुलं शाळेत मीठ करायला येतात का. दुसऱ्या पालकाने परस्पर उत्तर दिलं, "तुझ्या जेवणात घालतोस ना?" त्यावर सगळे हसले, पण पहिल्याचा प्रश्न तसा खराच होता आणि त्याला आम्ही नीट उत्तर द्यायला हवं होतं.

पुन्हा करायचं झालं तर

42 मुलं एका बांधावर न्यायची नाहीत. चौदा-चौदाच्या तीन तुकड्या, तीन सकाळी, आणि वाटेत थांबायच्या जागा आधीच काकांबरोबर ठरवून. हात घालून बघायचं पाणी बादलीत काढून बांधाबाहेर आणता येतं, हे आम्हाला बांध मोडल्यावर सुचलं. पाय धुवायला गोडं पाणी कॅनभर न्यायचं. नुकसानभरपाईची रक्कम आधी बोलून ठेवायची.

घनतेचा शब्द उशिरा दिला, तो तसाच उशिरा देऊ. ह्यावर मी तेव्हा टीचरांशी भांडलो होतो. शब्द आधी दिला असता तर मुलांनी बाटल्या उचलण्याऐवजी सूत्र लिहिलं असतं, हे मला माझ्याच मुलांच्या वह्या बघून पटलं.

घरचं ज्ञान असलेल्या मुलाला पुढे उभं करायचं नाही. काकांनाच वर्गात बोलवायला हवं होतं, खुर्ची देऊन, मानधन देऊन. तेही राहिलं.

जादा तासांचं ओझं टीचरांनी एकट्याने उचललं, ते चूक. गणिताचे तीन पीरियड मी दिले ते माझ्या पोर्शनमध्ये बसणारेच होते. ध्वनीच्या धड्याला मला दोन पीरियड सोडता आले असते. कोणी मागितले नाहीत आणि मीही बोललो नाही.

ह्या वर्षी तीन तुकड्यांचं पत्रक तयार आहे, काकांशी बोलणं झालं आहे. पाचशे रुपये त्या वर्षी 'संकीर्ण'मध्ये गेले. पालकांच्या संमतीसाठी शाळेकडे एकच छापील फॉर्म आहे, तोच वापरतो. त्यावर 'सहलीचे ठिकाण' असा रकाना आहे आणि त्यात आम्ही आगर लिहितो.